आमच्याकडं मतदान होत न्हाय

मला ते गाव पहिल्या दिवशी आवडलं नाही आणि तिथल्या सरकारी शाळेत इतकी वर्षं घालवूनही माझं मत तसूभर बदललेलं नाही. कुणी म्हणेल, बाई, ज्या गावचं मीठ खाल्लं त्याला नावं ठेवू नयेत. मीठ मी सरकारचं खाल्लं. गावानं मला दिला तो गुळचट चहा, आणि चहाबरोबर फुकटचे सल्ले. त्यातला एक सल्ला तर दर आठवड्याला कुणी ना कुणी द्यायचंच: बाई, पोरांना शिकवा, पण जास्त बोलायला शिकवू नका.

मी भिवंडी शहरातली. वडील कचेरीत कारकून. आमच्या दोन खोल्यांत पैसा कधी नांदला नाही, पण सकाळचा पेपर मोठ्यानं वाचला जायचा आणि त्यावरून चहा गार होईपर्यंत भांडणं व्हायची. मतदानाच्या दिवशी आई इस्त्रीचं पातळ नेसून एकटी जायची, वडिलांना सोबत येऊ द्यायची नाही, आणि मत कुणाला दिलं ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. वडील चिडायचे. ती म्हणायची, हे विचारायचं नसतं. लोकशाहीबद्दल मला जे काही कळतं ते तिच्यामुळे कळलं. डी.एड.ला त्या विषयावर अख्खा पेपर होता, त्यातलं आज काही म्हणजे काही आठवत नाही.

हे गाव कोन गावाच्या पुढे, कल्याण रोड सोडून आत. कामतघरहून रिक्षा पकडायची, यंत्रमागांचा खडखडाट मागे पडला की कंटेनरची रांग सुरू, आणि धुळीनं शाळेत पोचेपर्यंत साडीचा रंग कुठला होता ते सांगावं लागायचं. पूर्वी तिथे भातशेती होती. आता पत्र्याची गोदामं आहेत, आणि ज्यांची शेतं होती ते भाडं खातात. खाऊ देत, त्यांची जमीन आहे. माझं भांडण गोदामांशी नाही.

माझं भांडण नारळाशी होतं. या गावात ग्रामपंचायतीचं मतदान कुणी पाहिलेलं नव्हतं. अर्ज भरायच्या आधी देवळात बैठक बसायची. जितक्या जागा तितके नारळ देवापुढे मांडायचे. शेठ एकेक नाव घ्यायचे आणि ज्याचं नाव आलं त्यानं उठून नारळ उचलायचा. उचलला की विषय संपला. त्याच्याविरुद्ध अर्ज भरणं म्हणजे देवाविरुद्ध अर्ज भरणं. दोघं अगदीच हट्टाला पेटले तर अडीच वर्षं याची, अडीच त्याची. बायकांच्या राखीव जागेचे नारळ त्यांचे नवरे उचलायचे.

शेठ म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला म्हातारा. रस्त्याकडेची निम्मी गोदामं त्याच्या जमिनीवर, गोदामामागची कामगारांची चाळ त्याची, आणि शाळेची जागाही त्याच्या वडिलांनी दिलेली. माणूस उर्मट नव्हता, हे कबूल करते. उलट फार गोड बोलायचा. मी रुजू झाले तेव्हा मला समोर बसवून त्यानं अभिमानानं सांगितलं होतं, "आमच्याकडं मतदान होत न्हाय, बाई. आमचं गाव एक हाय." एक गाव म्हणजे एकच माणूस, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

आणि आमचे मुख्याध्यापक! पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कणा औषधाला नाही. गावात जे चालतं ते शाळेत आणायची त्यांना भारी हौस. दर जूनमध्ये शाळेचं मंत्रिमंडळ निवडायचं असतं, मुलांमधून मुलांनी. हे काय करायचे? सरस्वतीच्या फोटोपुढे नारळ ठेवायचे, आदल्या संध्याकाळी शेठकडून नाव घेऊन यायचे, आणि ज्याचं नाव आलं त्या पोरानं नारळ उचलला की झाला तो शाळेचा मुख्यमंत्री. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांचा प्रकारसुद्धा ठरलेला. एरवी हाताची घडी, तोंडावर बोट. आमच्या शाळांनी या देशाला दिलेलं खरं नागरिकशास्त्र हेच. पुस्तकातलं नुसतं परीक्षेपुरतं.

आता संडासाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

मुलींसाठी शाळेत नवा संडास बांधलेला होता. फरश्या, नळ, भिंतीवर हसऱ्या मुलीचं चित्र आणि खाली स्वच्छतेची घोषणा. त्याला कुलूप. चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात. तपासणीला साहेब येणार असले की उघडायचा, फिनेल टाकायचं, साहेब गेले की बंद. का, तर पोरी घाण करतात. मुलगे गोदामाच्या भिंतीमागे जायचे. मुलींनी कुठे जायचं? त्या भिंतीपलीकडे ट्रकवाले दिवसभर उभे असतात. म्हणून मुली जातच नव्हत्या. सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, दुपारी घरी गेल्या तर परत यायच्या नाहीत, आणि मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस दिसायच्याच नाहीत. आम्ही दोघी बाया होतो, आम्ही समोरच्या एका घरात जायचो. मी चावीबद्दल मुख्याध्यापकांशी किती वेळा वाद घातला ते आता आठवत नाही. ते म्हणायचे, बाई, साहेबांनी बघितलं आणि घाण दिसली तर जबाबदार कोण? मी लेखी दिलं, वर कळवलं. वरून उत्तर आलं की संडास वापरात असल्याचा अहवाल मिळालेला आहे.

एकदा साहेब आलेले असताना मी सातवीच्या वर्गात होते. त्यांनी विचारलं, लोकशाही म्हणजे काय? एक मुलगी उभी राहिली आणि घडाघडा व्याख्या म्हणाली, एक शब्द चुकला नाही. साहेबांनी शाबासकी दिली. ती मुलगी पायावर पाय दाबून उभी होती, एका जागी झुलत होती. संडास त्या दिवशी उघडा होता, पण साहेबांचं पाणी, चहा, फोटो होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असा हुकूम होता. मला तो वर्ग, तो साहेब, ती व्याख्या, सगळं उचलून खाडीत फेकून द्यावंसं वाटलं.

पुढचं सगळं जिच्यामुळे झालं तीच ही मुलगी. अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरून ती आईबरोबर आली होती. बाप नव्हता. आई शेठच्या जमिनीवरच्या गोदामात पॅकिंगला, आणि राहायला शेठच्याच चाळीत. पोरगी काटकुळी, केस कायम विस्कटलेले, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. गावातले लोक जो सल्ला मला द्यायचे तो हिला बघूनच देत असावेत.

त्या वर्षी वरून आदेश आला की मंत्रिमंडळाची निवड गुप्त मतदानानं करा आणि फोटो पाठवा. मुख्याध्यापक म्हणाले, सोपं आहे, नारळ नेहमीसारखा उचलायचा आणि खोका ठेवून फोटो काढायचा. मी म्हटलं, खोका ठेवणारच आहात तर मतंही घेऊ, माझ्या वर्गाला धडा आहेच. ते तयार झाले, कारण शेठनं ज्याचं नाव दिलंय त्याच्याविरुद्ध पोरं मत टाकतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नाव होतं शेठच्या नातीचं. सातवीतलीच. गोल चेहऱ्याची, अबोल, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तिचा भाऊ शहरात इंग्लिश मीडियमला बसनं जायचा. जागा आपल्या घराण्यानं दिली म्हणून घरातलं एक पोर या शाळेत असावं अशी शेठची रीत होती, आणि असं पोर नेहमी मुलगीच असायची. हा योगायोग मी तरी कधी मानला नाही.

विरुद्ध कोण उभं राहणार, असं मी वर्गात विचारलं. काटकुळीनं हात वर केला. मुख्याध्यापक दारात उभे होते, ते हसले.

दोघींची भाषणं झाली. शेठच्या नातीनं मुख्याध्यापकांनी लिहून दिलेला कागद वाचला. त्यात देश होता, झाडं होती, थोर पुरुष होते. वाचताना ती एकदाही वर बघत नव्हती. मग दुसरी उठली. ती म्हणाली, मी निवडून आले तर संडासाचं कुलूप काढायला लावीन. चावी आपल्याकडं राहील. मुली पाळीनं धुतील, आठवड्याची पाळी मी लावून देईन, आणि घाण दिसली तर ती मला धरून विचारायची. मग मुलग्यांकडे वळून म्हणाली, तुम्ही भिंतीमागं जाता, आम्ही कुठं जायचं ते सांगा. धुवायचं आम्ही बघतो, नळाला पाणी नसलं तर बादल्या तुम्ही भरायच्या. मुलगे आधी खिदळले. मग कुणीतरी विचारलं, बादली कोण देणार? त्यावरून तिथल्या तिथे चर्चा सुरू झाली. मी फळ्याला टेकून ऐकत होते. या शाळेत मुलं एकमेकांशी बोलून काही ठरवताहेत हे मी पहिल्यांदा पाहत होते. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच डस्टर झटकलं.

मतदान झालं. मी कोपऱ्यात टेबल आडवं लावलं, त्यावर चादर टाकून आडोसा केला, आणि सांगितलं की कुणी कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही, आईनं विचारलं तरी सांगायचं नाही. पोरं गंभीर चेहऱ्यानं आत जायची आणि बाहेर येताना ओठ घट्ट मिटून यायची. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजल्या. शेठच्या नातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली. मुख्याध्यापकांचा चेहरा जो उतरला तो बघून, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दोन दिवसही टिकलं नाही. गावात पानटपरीवर बातमी पोचली की शेठची नात पडली. त्या घरातलं कुणी कशात पडलं असं यापूर्वी कधी झालंच नव्हतं, तेव्हा पडल्यावर काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. जिंकायचं कसं हे कुणालाही येतं. हरायला शिकावं लागतं, आणि ते शिकवण्याची एकच जागा असते, ती म्हणजे शाळा. तिथेच नारळ ठेवला तर कप्पाळ शिकणार कुणी. मुख्याध्यापक संध्याकाळी शेठच्या बंगल्यावर जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं की शेठ समेट करायला येणार आहेत. मी विचारलं, भांडण कुठे झालं समेट करायला? ते म्हणाले, बाई, पाण्यात राहून माशाशी वैर बरं नाही. मी म्हटलं, मासा आहे तर पाण्यात राहू दे, वर्गात कशाला येतो? ते गप्प बसले. कुणी गप्प बसलं की मी जिंकले असं मला वाटतं, हा माझा जुना घोटाळा आहे.

समेट म्हणजे तेच, अडीच-अडीच. शाळेच्या वर्षाचे दोन तुकडे. पहिला नातीचा, दुसरा त्या मुलीचा. दुसऱ्या तुकड्यात परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन. शेठनं हे मला स्वतः समजावलं, अगदी मायेनं, चहा मागवून. म्हणाले, गावात फूट पडू नये, लेकरं लेकरं हायेत, त्यांच्या मनात आतापासून कशाला वैर. मी सांगितलं की मतं मोजून झालीत, आता त्यात मला काही करता येत नाही. तुम्हाला पटत नसेल तर पुढच्या वर्षी नातीला पुन्हा उभी करा. ते हसले. बाई, तुमी फार शिकलेल्या हाय, म्हणाले, आणि उठले. धमकी नाही, आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, सुटलं.

दोन दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. ड्युटीवरून थेट, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र तसंच. बसा म्हटलं तर बसली नाही. मला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकायला आली असेल, आणि मी मूर्खासारखी कौतुक करायलाही लागले. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली की सुपरवायझरनं शिफ्ट सुटताना सगळ्यांसमोर विचारलं, तुमची पोरगी पुढारी झाली म्हणे? आणि चाळीचं भाडं गोळा करणाऱ्यानं त्याच दिवशी विचारलं, खोली अजून लागणार आहे ना? एवढंच. दोघंही हसत होते.

मला तिडीक आली. मी सांगायला लागले की असं कुणी काढू शकत नाही, कायदा आहे, मी येते तुमच्याबरोबर, आपण तक्रार करू. तिनं माझं वाक्य अर्ध्यात तोडलं.

"बाई, तुमची नोकरी सरकारची हाय. तुमाला लय तर दुसऱ्या गावाला पाठवतील. मला कुठं पाठवतील ते सांगा."

तिला माझा राग आलेला होता, आणि तो राग बरोबर होता. मी मतदान भरवलं, चादर टाकली, मजेत चिठ्ठ्या मोजल्या, आणि त्याची किंमत ती भरणार होती. ती म्हणाली, पोरगी माझं ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल. तिला मागं घ्यायला सांगा. आणि गेली, कारण शेअर रिक्षा चुकली असती तर पुढच्या शिफ्टच्या बाईला खोलीची चावी द्यायला उशीर झाला असता. त्या एका खोलीत दोन कुटुंबं राहत होती.

त्या दिवशी मला सगळ्यांचा राग आला. शेठचा, मुख्याध्यापकांचा, अहवाल मिळालेला आहे म्हणणाऱ्या साहेबाचा, पुस्तकात निवडणुकीच्या धड्याखाली खोक्यात चिठ्ठी टाकणारा हसरा माणूस काढणाऱ्याचा. त्या हसऱ्या माणसाची खोली कुणाच्या मालकीची होती, ते कुठल्याच धड्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बाजूला घेतलं. तिला सगळं ठाऊक होतं, घरी रात्रभर तेच चाललं होतं. तिनं मला एकच विचारलं, मी मागं घेतलं तर चुकेल का? मी म्हटलं, नाही. मग आईचं चुकतंय का? मी म्हटलं, तिचंही नाही. मग कुणाचं, असं तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी शेठचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, तुला जे करायचं ते कर, मी तुझ्याबरोबर आहे. असली वाक्यं बोलायला काही लागत नाही.

शनिवारी परिपाठानंतर सगळी शाळा मैदानात बसवली. समोर टेबल, त्यावर सरस्वतीचा फोटो, फोटोपुढे नारळ. खुर्चीत शेठ. मागे ग्रामपंचायतीचे दोन सदस्य, पूर्वी ज्यांनी देवळात नारळ उचलले होते ते. मुख्याध्यापकांनी एकोप्यावर भाषण केलं. मग त्या मुलीला उभं केलं. ती मागच्या ओळींत बसली होती, तिथेच उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, मी माझं नाव मागे घेते. आवाज लागला नाही, मध्येच फाटला. खाली बसताना तिनं गुडघ्यात तोंड घातलं. व्याख्या घडाघडा म्हणणारी ती, तिला एवढं एक वाक्य जड गेलं.

मुख्याध्यापक म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. हे ते शेठकडे बघून हळू म्हणाले, पण मी शेजारीच होते. मग मोठ्यानं त्यांनी जाहीर केलं की शेठच्या नातीची बिनविरोध निवड झालेली आहे, अडीच-अडीचचीसुद्धा आता गरज नाही, आणि तिनं पुढे येऊन नारळ उचलावा. टाळ्या. पहिलीतली पोरं वाजवायला लागली, कारण त्यांना टाळ्या म्हटलं की वाजवायच्या एवढंच शिकवलेलं होतं. सहावी-सातवीकडून एक टाळी आली नाही.

नात उठली. टेबलापर्यंत आली. नारळाकडे बघत उभी राहिली, हात मागे बांधलेले. शेठ कौतुकानं म्हणाले, उचल बाय. ती हलली नाही. मुख्याध्यापक नारळ तिच्याकडे सरकवायला लागले.

"मी न्हाय उचलणार, आजोबा," ती म्हणाली. "मी हरलेय."

शेठ हसले. लहान आहे, लाजते, असं मागच्या सदस्यांकडे वळून म्हणाले. अगं, तिनं मागं घेतलं ना, मग तूच की, असं त्यांनी तिला समजावलं. सगळी शाळा ऐकत होती. नातीला इतकं बोलताना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि ती काही मोठ्यानं बोलत नव्हती. पण मैदानात एवढी शांतता होती की शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"माझं मतपन तिलाच हाय. मलापन लागते ना, आजोबा. मी शाळेत पाणीच पीत न्हाय."

मी शेठच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं होतं, म्हातारा भडकेल. तो भडकला नाही. तो पांढरा पडला. वडिलांनी दिलेल्या जागेवर, स्वतः दर पंधरा ऑगस्टला नारळ फोडतो त्या शाळेत, आपल्या घरातली पोर सकाळपासून तहानलेली बसते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण? ज्यानं सगळ्यांची तोंडं बंद ठेवली, त्याच्या कानावर काही पडणार कसं. मला त्याची दया आली नाही. येऊ नये असंच मी स्वतःला बजावत होते.

मग त्यानं शेठ लोक करतात तेच केलं. उदार झाला. मुख्याध्यापकांकडे हात पुढे करून म्हणाला, चावी आणा. मुख्याध्यापक अक्षरशः पळत गेले. शेठनं चावी घेतली, आणखी एक संडास बांधून देतो असं जाहीर केलं, आणि चावी नातीपुढे धरली. म्हणजे पुन्हा तेच. त्याच्या हातून, त्याच्या घरात. नातीनं हात मागेच ठेवले आणि मानेनं मागच्या ओळींकडे खूण केली. मला न्हाय, तिला, ती निवडून आली हाय, एवढं बोलून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

शेठ खुर्चीत, चावी हातात, आणि समोर कुणीच नाही. मुख्याध्यापक चावी पोचवायला पुढे झाले तसे मी त्यांच्या आडवी आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झाले नाही. शेवटी शेठ स्वतः उठले आणि बसलेल्या पोरांच्या ओळींमधून, कुणाच्या हातावर पाय पडू नये म्हणून धोतर सावरत, मागे गेले. त्या मुलीनं गुडघ्यातून डोकं वर काढलं. डोळे लाल. ती उभी राहिली.

चावी तिच्यापुढे आली. तिनं हात पुढे केला नाही. मला वाटलं, घाबरली. आता ही नको म्हणेल आणि सगळं मुसळ केरात जाईल.

"आधी सगळ्यांसमोर सांगा," ती म्हणाली, "माझ्या आईला कामावरून काढणार न्हाय. आणि खोली खाली करायला लावणार न्हाय."

शेठ म्हणाले, तुझ्या आईला कुणी काय म्हटलं? ती म्हणाली, कुणी काय म्हटलं न्हाय, तरी सांगा. दोन्ही सदस्य खाली बघत होते. मुख्याध्यापकांनी तोंडावर बोट ठेवलं होतं, खरोखर ठेवलं होतं, सवयीनं. पोरं शेठकडे बघत होती. पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी, हाताची घडी सोडून.

शेठला ते सांगावं लागलं. पुढच्या ओळींतल्या पोरांना ऐकू आलं नाही म्हणून दोनदा सांगावं लागलं.